नाल्यात उभी सोमारी

“सुरू केलं तं पुरं करायचं, बाई. मधात तोडायचं नाई. आयकणाऱ्यानं बी मधातून उठायचं नाई.”

बुधरीबाईनं हे सांगितलं तेव्हा ती अंगणात बसून सुपानं धान पाखडत होती आणि दिव्यानी तिच्यापुढे माईकची गुंतलेली वायर सोडवत होती. सांगण्यात कसला जोर नव्हता. नाल्यावर चाललीच आहेस तर हंडा घेऊन जा, असं म्हणावं तसं ती म्हणाली. दिव्यानीनं वायर खाली ठेवली आणि हात जोडले. “नाई तोडणार, बाई. माझा शब्द.”

शब्द देणं म्हणजे काय हे दिव्यानीला कोणी शिकवायला नको होतं. चंद्रपुरात तुकूमच्या त्यांच्या घरी रोज दिवेलागणीला प्रार्थना होत असे. वडील सोमाजी खंजिरी धरत, आई कमळाबाई टाळ. दिव्यानी शाळेत असतानाची गोष्ट. आरती ऐन रंगात आली आणि गॅसवरचं दूध उतू जायला लागलं. ते भांड्याबाहेर आलं, ओट्यावरून खाली उतरलं, खाली मांजर येऊन बसलं. कमळाबाई सगळं पाहत होत्या, पण टाळ काही थांबला नाही. आरती संपल्यावर पदर खोचत म्हणाल्या, “दूध उद्या बी येते. आरती अर्धी राह्यली तं देव उभाच राह्यते ना बिचारा, बसू का जाऊ करत.” सगळे हसले होते. दिव्यानी तर सगळ्यांत जास्त.

ती स्वतःही नेमाची मुलगी होती. सकाळी महाकालीच्या फोटोपुढे दिवा लावल्याशिवाय गिटारच्या पेटीला हात लावायची नाही. सोमवार धरायची. ड्रम वाजवणारा हेमराज तिला चिडवायचा, “अख्ख्या देशात रॉक बँडमधी साबुदाणा खाणारी तू एकटीच असशील व.” ती हसून सोडून द्यायची. तिचं बोलणंच हळू. बँडमध्ये तिच्याकडे बास होता, चार जाड तारांची गिटार. गाणं तिच्या आधारानं चालतं, पण तिचा आवाज लोकांना वेगळा ऐकू येत नाही. दिव्यानीला तेच बरं वाटायचं.

बँडचं नाव ‘राखड’. थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांची राखड, हिवाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बोट फिरवलं की हाताला लागते ती. प्रणित गायचा आणि गाणी लिहायचा. हेमराजच्या वडिलांचं सिमेंटच्या पाइपांचं गोदाम होतं, त्याच्या मागच्या खोलीत सराव चाले. पहिल्या अल्बमचं नाव होतं ‘अठ्ठेचाळीस’, गावच्या उन्हाळ्यातल्या पाऱ्यावरून. कॉलेजच्या पोरांनी तो उचलून धरला. मग दुसऱ्याचा विचार सुरू झाला तेव्हा प्रणित म्हणाला, “पहिला आपल्या गच्चीचा झाला. दुसरा आपल्या जंगलाचा करू.”

जंगल कुठून आणायचं, तर दिव्यानीकडून. गडचिरोलीला शिकत असताना तीन वर्षं तिच्या खोलीत ललिता राहायची. ललिता आता तिथंच एका दवाखान्यात नर्स होती. तिचं गाव धानोऱ्याच्या पलीकडे, डांबरी रस्ता संपल्यावर आणखी दीड कोस. तिची आई बुधरी एक गाणं म्हणते, एवढं दिव्यानीला ठाऊक होतं. ललिताला झोप लागत नसली की ती ते उशीत तोंड खुपसून गुणगुणायची. विचारलं तर सांगायची नाही.

त्या पौषात बँड गाणं टिपायला तिच्या गावी आला तेव्हा मात्र तिनं सांगितलं. आई पाखडणं आटपत होती आणि ललिता दिव्यानीच्या शेजारी बसून हळू आवाजात बोलत होती.

“जंगलात गेलेलं माणूस दिवस बुडेपर्यंत परतलं नाई तं आमच्या घरच्या बाया हे म्हणतात. एकेका जागेचं नाव घेऊन त्याले पुढं पुढं आणतात. मोठ्या दगडापासून सालईच्या झाडापर्यंत. सालईपासून मोहापर्यंत. मोहापासून नाल्यापर्यंत. मंग बांध, मंग कोठा, मंग दार.”

“अन् मधातच थांबलं तं?”

“तं ते माणूस तिथंच उभं राह्यते. मागं जाता येत नाई, पुढं येता येत नाई.”

ललिताची मोठी बहीण सोमारी अकरा वर्षांपूर्वी भर पावसात सात्या वेचायला गेली होती. वारुळावर उगवणाऱ्या त्या पांढऱ्या छत्र्या तिला फार आवडायच्या. ती परतली नाही. गावानं चार दिवस जंगल पालथं घातलं. कोणी वाघाचं नाव घेतलं, कोणी पुराचं. सापडली ती फक्त तिची टोपली. तेव्हापासून बुधरीबाई रोज दिवस बुडताना वेशीवर उभी राहते आणि दगडापासून दारापर्यंत लेकीला आणते. “वरा, सोमारी, वरा.” वरा म्हणजे ये. दारापर्यंत आणलं की ती घरात जाते आणि भात टाकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

“अकरा वर्षांत तिचा एक खाडा नाई,” ललिता म्हणाली. “ताप असला तरी नाई.”

असा नेम दिव्यानीनं आपल्या घरातही पाहिला नव्हता.

गाणं नऊ मिनिटं चाललं. मध्येच कोंबडा आरवला, तो राहू दिला. हेमराजला शिंक आली तर त्यानं दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, चेहरा टमाट्यासारखा लाल झाला, पण त्यानं ती दाबली. कोणी उठलं नाही. दार आलं, गाणं संपलं, आणि बुधरीबाईनं उठून सगळ्यांना आंबील दिली.

अल्बमला नाव दिलं ‘पायवाट’. शेवटचं गाणं तेच, पुरं, कोंबड्यासकट. खाली दिव्यानीनं बासचा एकच खर्जातला सूर धरला होता, आवाजाखाली हात धरावा तसा. तिला वाटलं, जन्मात एक तरी काम आपण सोवळ्यात केलं. दिवाळीला अल्बम आला. थोड्या लोकांनी ऐकला, पण ज्यांनी ऐकला त्यांनी शेवटचं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, असं कळवलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं.

माघात नागपूरहून चंचल आला. तिशीचा, गोड बोलणारा माणूस. लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत करायचा. त्याला ‘पायवाट’ अल्बमचं रिमिक्स करायचं होतं, आठही गाण्यांचं. प्रणित हरखून गेला. चंचलनं प्रत्येक वाद्याचा आवाज वेगवेगळा मागितला. ते सगळं दिव्यानीच्या ताब्यात असायचं, कारण जपून ठेवण्याचं काम बँडमध्ये तिचंच. शेवटच्या गाण्यापाशी तो म्हणाला, “ताई, आजीचा मले एक तुकडाच दे. चार सेकंद. नऊ मिनिटं कोण आयकते आता? लोकं जाहिरात बी पाच सेकंदांत उडवतात.”

“ते तोडता येत नाई, चंचलभाऊ.”

“तोडाचं कुठी आहे? अस्सल तं तुमच्या अल्बमात आहेच ना पुरं. हे तिचं लेकरू समज. लेकरू दुनिया फिरून येईल, म्हातारी घरी सुखरूप.” मग जरा थांबून म्हणाला, “अन् खरं सांगू? त्या गाण्यात जीव म्हातारीचा नाई, तुह्या बासचा आहे. लोकायले तो आयकू आला पाह्यजे एकदा.”

असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. घरी जाताना स्कूटीवर दिव्यानी तेच वाक्य पुन्हा पुन्हा मनात घोळवत होती, आणि तुकूमचा चौक कधी मागे गेला तिला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी दिवा लावला, दुपारी साबुदाणा खाल्ला आणि गोदामाच्या मागच्या खोलीत ती एकटीच कॉम्प्युटरपुढे बसली. पडद्यावर बुधरीबाईचा आवाज निळ्या लाटेसारखा पसरलेला. कुठं दगड, कुठं सालई, कुठं मोह, तिला न ऐकताही दिसत होतं. नाल्यापाशी लाट थरथरली होती. तिथं बाईचा आवाज किंचित चिरतो आणि पुन्हा सावरतो. त्या अख्ख्या गाण्यात तेवढी जागा सगळ्यांत गोड. दिव्यानीनं तिथं एक खूण केली, चार सेकंद पुढे दुसरी, आणि मधला तुकडा कापून चंचलला पाठवून दिला. कोणी तिचा हात धरला नव्हता. कोणी घाई केली नव्हती. पाठवल्यावर तिनं हात धुतले. का धुतले ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

रिमिक्स येणार हे ललिताला कुठून तरी कळलं. तिनं फोन केला. “दिव्यानी, आईले विचारलं का व?”

“अगं, तेच गाणं आहे. फक्त बाकीचे आवाज नवे टाकले.”

“पुरं आहे ना?”

“हो.”

एकच अक्षर. दिव्यानीच्या तोंडून आजवर खोटं निघालं नव्हतं असं नाही, पण इतक्या सहज निघालं नव्हतं.

फाल्गुनातल्या एका रविवारी दुपारी नागपूरच्या एका कॅफेत ते रिमिक्स पहिल्यांदा वाजलं. पोरापोरींची ही गर्दी. आठवं गाणं लागलं. आधी नुसता बास, छातीत धडधडणारा, तिचा बास. मग त्यावर बुधरीबाई. वरा, सोमारी, वरा. वरा, सोमारी, वरा. ठोका वाढत गेला, लोक उड्या मारायला लागले, कोणी तरी ओरडलं, “बासवाली कुठी आहे?” आणि प्रणितनं तिला हाताला धरून पुढे ओढलं. दिव्यानी नाचली. कोपऱ्यात उभं राहून पायानं ताल धरणारी, लग्नातही न नाचणारी दिव्यानी दोन्ही हात वर करून, डोळे मिटून नाचली. शेजारच्यानं मोबाइलवर ते टिपलं.

मग लग्नसराई आली. डीजेवाल्यांनी ते आठवं गाणं उचललं. चंद्रपुरात, बल्लारपुरात, मूलला, जिथं वरात तिथं सोमारी. एका दुपारी तुकूमच्या त्यांच्या घरासमोरूनच वरात गेली. खिडकीच्या काचा थरथरल्या. सोमाजी खाटेवर पडले होते, ते उठून बसले. खंजिरीवर पन्नास वर्षं हात फिरलेला माणूस, कान तयार.

“कोण बाई आहे ही? कोणाले तरी बोलावून राह्यली.”

“रिमिक्स आहे, बाबा.”

“ते असंल. पण काऊन एकाच जागी बोलावते ही? पुढं काऊन नेत नाई?”

दिव्यानीनं पंख्याचं बटण वाढवलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला घरात बसवेना.

ललिताचा फोन वैशाखात आला. सकाळची वेळ. दिव्यानी फुलवाती वळत होती. कापूस बोटांत तसाच राहिला.

“आमच्या शेजारी लग्न होतं,” ललिता म्हणाली. आवाज अगदी सपाट, दवाखान्यात रिपोर्ट वाचून दाखवावा तसा. “डीजे गडचिरोलीहून आणला होता. आई कोठ्यात शेण काढत होती. तिनं आपलाच आवाज आयकला.”

“ललिता...”

“आयक. मधात बोलू नको. आई तशीच उठली, शेणाच्या हातानं, अन् वेशीवर जाऊन उभी राह्यली. नाल्यापासून पुढचं म्हणाले लागली. पोरीले बांधापर्यंत आणलं की तुमचं मशीन तिले परत नाल्यात नेऊन उभं करे. आई पुन्हा नाल्यापासून सुरू करे. पुन्हा नेलं. लोकं नाचून राह्यले अन् ही म्हातारी एकटी मशीनसंग ओढाओढ करून राह्यली. दोन घंटे. मी ड्यूटीवर होती. मले तं मंगलीकाकूनं सांगितलं, शेजारच्या. डीजे बंद झाला तेव्हा आईचा गळा बसला होता. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणते, गळ्याले फार ताण दिला, आता महिनाभर मोठ्यानं बोलायचं नाई, अन् या वयात पहिल्यासारखा आवाज येईलच असं नाई.”

दिव्यानीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आठ दिवस झाले,” ललिता म्हणाली. “एवढ्या वर्षांत पहिला खाडा. रोज वेशीवर जाते, तोंड उघडते, अन् हवा निंघते नुसती. घरी येऊन एकच गोष्ट म्हणते. पोरगी नाल्यात उभी आहे.”

फोन ठेवण्याआधी ललिता म्हणाली,

“तुह्या नाचण्याचा विडिओ बी पाह्यला मी. छान नाचते व तू. मले माहीतच नव्हतं.”

फोन बंद झाला. दिव्यानीनं फुलवात तुपात भिजवली, निरांजनात ठेवली, काडी पेटवली. काडी बोटापर्यंत जळत आली तरी तिचा हात वातीपर्यंत जाईना. महाकालीच्या फोटोकडे पाहायची तिला हिंमत झाली नाही. तिनं काडी फुंकली आणि ती उठली. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा त्या घरात सकाळचा दिवा लागला नाही.

गोदामात तिनं सगळं सांगितलं. सगळं म्हणजे ललिताचं. स्वतःचं सांगायला तोंड उघडलं नाही. प्रणित डोकं धरून खाली बसला. त्यानं तिथूनच चंचलला फोन लावला. चंचल भला माणूस. ऐकून तोही हादरला. अर्ध्या तासात त्यानं आठवं गाणं सगळीकडून काढून टाकलं. “पण भाऊ,” तो म्हणाला, “डीजेवाल्यायच्या पेनड्राइव्हमधून मी कसं काढू? ते तं आता गावोगावी गेलं.”

हेमराज पाइपावर बसून पायानं माती उकरत होता. खूप वेळानं म्हणाला, “मी तं शिंक बी दाबून धरली होती व.”

दिव्यानीला वाटलं, यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं. हेमराजच्या नाकाला समजलं ते आपल्या नेमाधर्माला समजलं नाही.

दोन दिवस ती जेवली नाही. कमळाबाईंना वाटलं, मुलीनं काही कडक व्रत धरलं. तिसऱ्या दिवशी दिव्यानी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि आईला सांगितलं. या वेळी सगळं. खूण कुठं केली तेही. ललिताला काय उत्तर दिलं तेही. कमळाबाई परातीत कणीक मळत होत्या. त्यांचा हात थांबला नाही, पण हळू झाला.

“मंग उपास कोणासाठी करून राह्यली?” त्या म्हणाल्या.

“मले देवापुढं जाववत नाई, आई.”

“देवाचं काय तोडलं तू? जिचं तोडलं तिच्या दारी जा. इथी बसून पोटाले मारलं तं ते पोरगी नाल्यातून निंघते का?” मग उठल्या, हात धुतले, कपाटातून एक कोरी नऊवारी आणि नारळ काढून पिशवीत घातले. “रिकाम्या हातानं नको जाऊ.”

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं गडचिरोलीला गेली. स्टँडवर ललिता आली होती. ‘ये’ म्हणाली नाही, ‘काऊन आली’ असंही म्हणाली नाही. दोघी धानोऱ्याच्या गाडीत शेजारी बसल्या आणि उतरेपर्यंत ललिता खिडकीबाहेर पाहत होती. पुढे चालत. रस्त्याच्या कडेला बिडीसाठी तोडलेल्या तेंदूपत्त्याचे पुडके उन्हात ओळीनं वाळत घातलेले, सगळ्या गावाची हीच घाई. पिशवीतला नारळ दिव्यानीच्या पायाला लागत होता आणि प्रत्येक वेळी तिला त्या पिशवीची जास्त जास्त लाज वाटत होती. घर आलं तेव्हा तिनं ती कुडाच्या आडोशाला ठेवून दिली. बाहेर काढलीच नाही.

बुधरीबाई मांडवाखाली बसून पानं जुळवत होती. दिव्यानीला पाहून तिनं शेजारची जागा हातानं झाडली. “आली का,” ती म्हणाली. कोरडं पान चुरगळावं तसा आवाज. “बस. पाणी घे.”

दिव्यानी बसली नाही. तिनं तिचे पाय धरले.

“बाई, मी तोडलं.”

“मशीननं तोडलं म्हणते ललिता.”

“मशीननं नाई. त्या नागपूरच्या माणसानं बी नाई. मी माझ्या हातानं तोडलं. कुठी तोडायचं ते बी मीच पाह्यलं. अन् ललितानं विचारलं तं खोटं बोलली मी. पुरं आहे म्हणून सांगितलं.”

ललिता हंडा ठेवत होती, तिचा हात हंड्यावरच राहिला. “म्हणजे तू?” एवढंच ती म्हणाली. चंचलला शिव्या देऊन तिनं हे दहा-बारा दिवस काढले असावेत. आता शिवी द्यायलाही कोणी उरलं नव्हतं. ती वळून परसात निघून गेली.

बुधरीबाईनं हातातला पुडका बांधून पुरा केला. गाठ मारली. मग विचारलं, “नाल्यातच काऊन तोडलं?”

दिव्यानीला खोटं बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं. “तिथं तुमचा आवाज... लय गोड लागला, बाई.”

“गोड नोहे ते.” म्हातारी तिच्याकडे न पाहता म्हणाली. “तिथी टोपली सापडली होती.”

मांडवाच्या सावलीत कोंबडीची पिल्लं फिरत होती. दिव्यानीनं कपाळ जमिनीला टेकवलं आणि तशीच राहिली. तिला रडू आलं नाही. रडण्याचाही आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. नऊ मिनिटं ऐकलं, शंभरदा ऐकलं, एकेक जागा पाठ केली, आणि त्या चार सेकंदांत एक आई रोज काय ओलांडते ते आपल्या कानाला कळलं नाही. कानाला फक्त गोड लागलं.

खांद्यावर हात पडला. “ऊठ.”

ती उठून बसली.

“माह्यानं आता होत नाई,” बुधरीबाई म्हणाली. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. “गळ्यात काहीच नाई. अन् ललिताले मी म्हणू देत नाई. एक पोरगी गेली, दुसरीले नाल्यावर नाई पाठवत मी.” तिनं बोटानं नाल्याकडे दाखवलं. “जिनं तिथी उभं केलं तिनं आणून सोडावं.”

“मले गाता येत नाई, बाई. मी कधी लोकायपुढं...”

“पोरीले कुठी गाणं आयकायचं आहे? तिले घर पाह्यजे.”

ती अख्खी दुपार शिकण्यात गेली. बुधरीबाई तिच्या कानाशी तोंड नेऊन ओठांनी शब्द सांगायची आणि मांडीवर बोटानं ताल द्यायची. नाल्यापासून बांध. बांधापासून कोठा. कोठ्यापासून दार. दिव्यानीचा उच्चार चुकला की म्हातारी मान हलवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. जंगलात हाक कशी जाते ते तिनं शिकवलं. शब्द संपवायचा नाही, पुढच्या शब्दाच्या हातात द्यायचा. दिव्यानीचा आवाज आधी निघेचना, निघाला तो घोगरा, खर्जातला, बासच्या तारेसारखा. तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. कधी तरी ललिता परसातून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. एका जागी दिव्यानी तिसऱ्यांदा अडली तेव्हा ती तुटकपणे म्हणाली, “तिथं श्वास घे. मंग म्हण.”

उन्हं कलली. तेंदूपत्त्याचे पुडके वेचायला बाया बाहेर पडल्या.

“नाल्यात उतरून मंग सुरू करायचं,” बुधरीबाई म्हणाली. “म्हणत म्हणत यायचं. पाय थांबले तरी चालते, गाणं नाई थांबलं पाह्यजे. मी दारात आहे.”

“उद्या बी?”

“माहा गळा उघडेपर्यंत.”

“अन् नाई उघडला तं?”

म्हातारीनं तिच्याकडे शांतपणे पाहिलं. दिव्यानीनं पुन्हा विचारलं नाही. शब्द देते, असं या वेळी ती म्हणाली नाही. पहिलाच अजून पाळायचा होता.

तिनं खिशातला मोबाइल काढला, बंद केला आणि मांडवाच्या खांबाशी सुपात ठेवला. चपला काढायला लागली, तशी मागून ललिता म्हणाली, “राहू दे पायात. बोराटी आहे वाटेत.”

दिव्यानीनं चपला पुन्हा घातल्या. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. दार मागे पडलं, कोठा मागे पडला, बांध मागे पडला. वैशाखातला नाला कोरडा होता, पांढरी वाळू आणि मधोमध एक वाळलेलं खोड. वेशीवरच्या बाया पुडके हातात धरून तिच्याकडे पाहत होत्या. तिनं ओढणी खांद्यावर घट्ट ओढली आणि नाल्याची उतरण हळूहळू उतरायला लागली.